खानदेशातल्या लेखकानं आपलं पुस्तक आपणच कसं काढावं

स्वतःचं पुस्तक स्वतः काढायचं ठरवलं की लेखकाच्या अंगावर आणखी एक काम येतं, प्रकाशकाचं. प्रती किती काढायच्या, कागद कोणता, प्रुफं कोण वाचणार, किंमत काय, टपाल कसं, उरलेले गठ्ठे कुठे ठेवायचे, हे सगळं त्यात आलं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे लेखकांनी काढलेली कितीतरी पुस्तकं मजकुरानं भक्कम असतात आणि फसतात ती या दुसऱ्या कामात. म्हणून हे काम बारकाव्यानं सांगतो.

आधी मनातला संकोच काढून टाकावा. ‘प्रकाशक मिळाला नाही म्हणून स्वतः काढलं’ असं कुजबुजत सांगण्याचं काही कारण नाही. महात्मा फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ हे १८५५ सालचं नाटक ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीनं नाकारलं. ते छापील रूपात यायला १९७९ साल उजाडलं. पुढे ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये फुल्यांनी स्वतःच प्रसिद्ध केली, आणि ती लोकांपर्यंत गेली. साने गुरुजी अंमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी सत्कार्योत्तेजक सभेमार्फत समर्थ वाङ्मय छापलं. मोठ्या शहरातल्या प्रकाशकाची वाट न पाहता छापण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे.

आजची अडचण वेगळी आहे. पैसे घेऊन ‘सगळं करून देतो’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यातले काही चांगलं काम करतात. पण पॅकेज घेताना तीन गोष्टी हातातून जाऊ देऊ नयेत: हक्क, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) आणि फाइल. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पुस्तक लिहून झालं की हक्क आपोआप लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. (करायची असेल तर साहित्यकृतीला ५०० रुपये फी आहे.) हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ अशी ओळ दिसली तर सही करू नये. छपाईचा खर्च तुम्ही देताय, मग हक्क कशाला द्यायचे?

लेखक कोण, हे पहिल्या पानावर नीट लिहा

हा मुद्दा खानदेशात फार महत्त्वाचा, कारण इथली कितीतरी पुस्तकं ऐकलेल्या मजकुरावर उभी असतात: आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, ओव्या, म्हणी, आजीनं सांगितलेल्या गोष्टी. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी, मुलगा सोपानदेवांनी, टिपून ठेवल्या म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तक निघालं, आणि ते निघालं बहिणाबाईंच्या नावानं. टिपणाऱ्यानं आपलं नाव पुढे केलं नाही. हा दंडक पाळावा.

परंपरेनं आलेलं गाणं कुणा एकाचं नसतं. तिथे मुखपृष्ठावर ‘संकलन’ किंवा ‘संपादन’ लिहा, ‘लेखक’ लिहू नका. प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि ऐकल्याचं साल द्या, पण त्यांना विचारून. ध्वनिमुद्रण करताना सुरुवातीलाच ‘हे पुस्तकात छापू का?’ असं विचारून होकार मुद्रित करून घ्या. गाणं त्या बाईनं स्वतः रचलेलं असेल तर हक्क तिचा. मग कागदावर परवानगी घ्या आणि छापील प्रती तिला द्या.

दुसऱ्याच्या कविता उद्धृत करायच्या असतील तर हिशेब असा. लेखक हयातीत छापला गेला असेल तर त्याच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क टिकतो. बालकवी १९१८ मध्ये गेले आणि साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य आता खुलं आहे. लेखक गेल्यावर जे पहिल्यांदा छापलं गेलं, त्याची ६० वर्षं पहिल्या छपाईच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. हयात कवीची ओळ प्रकरणाच्या माथ्यावर टाकायची तर त्यांना पत्र लिहावं, बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात.

प्रती किती? आधी वाचक मोजा

पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रती काढण्याचा मोह होतो, कारण हजारात एक प्रत स्वस्त पडते. पण न विकलेल्या सातशे प्रतींचा खर्च कुणी मोजत नाही. वहीत नावं लिहा: नातलग, शाळेतले सहकारी, गावातले वाचक, मंडळ, ओळखीची वाचनालयं. भेट म्हणून घेतील त्यांना वगळा. पैसे देऊन घेतील असे किती उरले? त्याच्या दीडपट प्रती पहिल्या खेपेला पुरतात. बहुतेकांसाठी हा आकडा २०० ते ३०० च्या पुढे जात नाही.

एकोणिसाव्या शतकातले मराठी ग्रंथकर्ते आधी वर्गणीदार गोळा करत आणि त्यांची नावं ग्रंथात छापत. आज तेच व्हॉट्सॲपवर करता येतं. मुखपृष्ठ, दोन पानांचा मजकूर, सवलतीची किंमत आणि पैसे भरायचा क्यूआर कोड टाकून महिनाभर आगाऊ नोंदणी घ्या. शंभर नोंदी आल्या तर कागदाचा खर्च निघालाच समजा. नोंदणीच्या वहीत पिनकोडसह पत्ता तेव्हाच घ्या, नंतर एकेकाला विचारत बसावं लागतं.

प्रतींच्या आकड्यावरच छपाईची पद्धत ठरते. ऑफसेटमध्ये आधी धातूची प्लेट करावी लागते, तिचा खर्च ठरलेला असतो, तो जितक्या प्रतींवर वाटला जाईल तितकी प्रत स्वस्त. डिजिटलला प्लेट नाही, त्यामुळे पन्नास प्रतीही काढता येतात, पण प्रतीमागचा दर फारसा उतरत नाही. साधारण ३०० च्या आसपास दोन्ही बरोबरीला येतात. दोन्हींचे दर मागवून पाहावेत.

टंकन, फॉन्ट आणि अहिराणीचं लेखन

हस्तलिखित युनिकोडमध्येच (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) टंकून घ्या. अजूनही अनेक डीटीपी सेंटरवाले जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टवर काम करतात. छापील पान सुंदर दिसतं, पण ती फाइल ई-बुकला, शोधायला किंवा दुसऱ्या संगणकावर उघडायला निकामी. रूपांतर केलं की रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं जागा सोडतात, आणि पुन्हा पहिल्यापासून प्रुफं वाचावी लागतात.

फॉन्ट मराठी वळणाचा घ्या. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरं हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये वेगळी दिसतात आणि मराठी वाचकाला खटकतात. मोफत मिळणाऱ्यांत यशोमुद्रा, शोभिका, तिरो देवनागरी मराठी हे पुस्तकाच्या मजकुराला चालतात. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडणी करणाऱ्याला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू केला का, हे आवर्जून विचारा. तो बंद असेल तर काना-मात्रा आणि जोडाक्षरं सुटी पडतात. ‘ॲ’ हे एकच अक्षर टंकावं, ‘अ’वर चंद्र देऊन जोडू नये. ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. दोन्ही दिसतात सारखे, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. सगळ्या पुस्तकात एकच ठेवा.

अहिराणीत हा प्रश्न जास्त टोचतो, कारण ‘ऱ्हायना’सारखी रूपं ओळीओळीला येतात. अहिराणीचं लेखन सर्वांनी मान्य केलेल्या एका नियमात बसवलेलं नाही. म्हणून टंकन सुरू करण्यापूर्वी दोन पानांची शब्दसूची करा: ‘मना’ की ‘मन्हा’, ‘शे’ की ‘से’, ‘डोळा’ की ‘डोया’, ‘जळगाव’ की ‘जयगाव’. धुळ्याकडची, साक्रीकडची, चोपड्याकडची बोली एकसारखी नाही. तुमच्या गावची बोली जशी आहे तशी लिहा, पण एकदा ठरवलं की शेवटच्या पानापर्यंत तेच. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असतील तर सीमा स्पष्ट ठेवा. प्रूफ वाचणारा बाहेरचा असेल तर ही सूची त्याच्या हातात द्याच, नाहीतर तो ‘डोया’चा ‘डोळा’ करून मोकळा होईल. शेवटी शब्दार्थ द्यावेत. प्रत्येक पानाच्या तळाशी दिले तर कविता गुदमरते. तावडी, लेवा बोली, पावरी, मावची यांनाही हेच लागू.

आकार, फर्मे आणि कागद

कथा, कविता, आठवणी यांना डेमी १/८, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, हा आकार उत्तम. कागद वाया जात नाही आणि दुकानाच्या फळीवर बसतो. मजकूर १२ पॉइंट, ओळींमधलं अंतर १८ पॉइंट ठेवा. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्यानं इंग्रजीइतकं कमी अंतर चालत नाही. आतला समास २० मिलिमीटर, बाहेरचा १५. आतला कमी ठेवला तर चिकट बांधणीत शब्द कण्यात शिरतात. अशा पानावर साधारण २५० ते २७० शब्द बसतात, म्हणजे ३८ हजार शब्दांचं पुस्तक सुरुवातीच्या पानांसह १६० पानांच्या आसपास जातं.

पानं १६ च्या पटीत आणा, कारण एक फर्मा (एकदम छापून घडी घातला जाणारा कागद) १६ पानांचा. १६३ पानं झाली तर तीन पानांसाठी जादा फर्मा चढतो. त्यापेक्षा प्रकरणांच्या सुरुवातीची मोकळी जागा थोडी आवळावी.

कागदाचा हिशेब स्वतः करता आला पाहिजे. २३ बाय ३६ इंची एका तावात डेमी १/८ ची ३२ पानं निघतात. १६० पानांना पाच ताव. ३०० प्रतींना १५०० ताव, म्हणजे तीन रीम (रीम ५०० तावांचा). प्रत्येक फर्म्याला यंत्र जुळेपर्यंत काही ताव जातात, त्यासाठी आणखी अर्धा रीम. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) हा रीम पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरतो, तेव्हा साडेतीन रीम म्हणजे सुमारे ६५ किलो कागद. प्रेसनं कोटेशनमध्ये पाच रीम लावले असतील तर कारण विचारा. कागद पांढराशुभ्र घेण्यापेक्षा किंचित पिवळसर, नॅचरल शेडचा घ्यावा. लांब वाचायला डोळ्यांना सोसतो आणि मागची अक्षरं कमी दिसतात.

प्रुफं

तीन वाचनं लागतात आणि तिन्हींचं काम वेगळं. पहिल्या वाचनाला दोघं बसा: एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवायचं. गाळलेली ओळ फक्त याच पद्धतीत सापडते. दुसरं वाचन लेखकाशिवाय दुसऱ्या कुणी करावं, कारण लेखकाला पानावर काय आहे ते दिसत नाही, काय लिहिलं होतं ते दिसतं. तिसऱ्यात शीर्षकं, अनुक्रमणिका, पृष्ठांक, माणसांची आणि गावांची नावं, सनावळ्या एवढंच पाहा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सर्वांत जास्त. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, पण ‘आणि’ ऱ्हस्व, एवढं धरलं तरी निम्म्या चुका जातात.

दुरुस्ती झाल्यावर सुधारलेली ओळच नव्हे तर परिच्छेद संपेपर्यंत वाचा. एक शब्द वाढला की खालच्या ओळी सरकतात आणि पान उलटताना शेवटचा शब्द एकटा पडतो. छपाईला द्यायची पीडीएफ फॉन्ट एम्बेड केलेली (फाइलीतच जोडलेली) हवी, चित्रं ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके), आणि मजकूर फक्त काळ्या शाईत. वर्डमधून आलेला काळा कधी चार रंगांचा होतो आणि अक्षरांच्या कडा धूसर छापल्या जातात.

मुखपृष्ठ आणि बांधणी: आपल्या उन्हाचा विचार

मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्डावर, चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा चित्र ठेवून करा. कण्याची जाडी प्रेसला त्याच कागदाचा नमुना मोजायला लावून घ्या. ७० जीएसएमचे ८० कागद, म्हणजे १६० पानं, सात-आठ मिलिमीटर भरतात. एवढ्या कण्यावर नाव बसतं, पण अंदाजानं घेतलं तर ते घसरून मुखपृष्ठावर येतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि जूनमध्ये लगेच दमट हवा येते. या दोन्हींत पुस्तक सापडतं. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या गठ्ठ्यांतला साधा गरम डिंक कोरडा पडतो आणि उघडताच पानं सुटतात. एका बाजूनं लॅमिनेशन केलेलं मुखपृष्ठ पावसाळ्यात वळतं, कारण आतली बाजू दमट हवा शोषून फुगते आणि बाहेरची प्लास्टिकमुळे फुगत नाही. उपाय तीन. मुखपृष्ठाच्या कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर ठेवायला सांगा. शक्य असेल तर पीयूआर (पॉलियुरेथेनचा, लवचीक राहणारा) डिंक मागा, किंवा फर्मे शिवून मग चिकटवायला सांगा. आणि बांधणी झाल्यावर पुस्तकं दाबाखाली एक दिवस राहू द्यावीत. पहिली बांधलेली प्रत आली की मधोमध पूर्ण उघडून पाहा. पान ओढलं आणि हातात आलं तर सगळा गठ्ठा परत करा.

श्रेयपान आणि आयएसबीएन

शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला पुस्तकाचं नाव, लेखक, हक्क कुणाकडे, आवृत्ती आणि तारीख, प्रकाशकाचं नाव-पत्ता, मुद्रकाचं नाव-गाव, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, किंमत आणि आयएसबीएन एवढं द्या. मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्यानं आणली होती. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा आला आणि पुस्तकं त्यातून बाहेर पडली. तरी ही ओळ ठेवाच. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक तुमचं पुस्तक शोधेल तेव्हा त्याला याच पानाचा आधार असेल.

आयएसबीएन दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते. लेखकाला स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्ज करता येतो. ओळखपत्र आणि शीर्षकपान-मुखपृष्ठाच्या फाइली लागतात. नाव पक्कं झालं की लगेच अर्ज करा, क्रमांक यायला वेळ लागू शकतो. दुसऱ्याचा आयएसबीएन घेतला की नोंदीत प्रकाशक तो ठरतो, तुम्ही नाही. छापील आणि ई-बुक यांना वेगळे क्रमांक. मजकूर न बदलता पुनर्मुद्रण केलं तर जुनाच चालतो. छापण्यापूर्वी क्रमांक तपासा: पहिल्या १२ अंकांना आळीपाळीनं १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. दहाच्या पुढच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक असला पाहिजे.

किंमत, विक्री, टपाल

समजा ३०० प्रतींचा एकूण खर्च, अक्षरजुळणी-प्रुफांसह, ३६ हजार आला. प्रत १२० ला पडली. २५० किंमत ठेवली आणि वितरकाला ४५ टक्के दिले तर हातात १३७ रुपये ५० पैसे येतात, म्हणजे २६२ प्रती विकल्यावर खर्च निघतो. स्वतः २० टक्के सवलतीत विकली तर २०० येतात आणि १८० प्रतींत सुटका होते. पहिलं पुस्तक म्हणूनच हातोहात विकावं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण प्रेसच्या बिलावर असतो. तो खर्चात धरा.

प्रकाशन समारंभ आपल्या गावात ठेवा. मंचावर प्रती वाटू नका. दाराशी टेबल, सुटे पैसे, क्यूआर कोड आणि बिलबुक घेऊन माणूस बसवा. परीक्षणासाठी दहा-पंधरा प्रती वेगळ्या काढा, त्यापुढे फुकट देऊ नका. वाचनालयं आणि शाळा मार्चअखेर अनुदान संपवतात, तेव्हा जानेवारीतच पत्र, नमुना प्रत आणि सवलत कळवा. जिल्हा ग्रंथोत्सवात टेबल मागा. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठी प्रत पाठवा. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना छपाईच्या आधी पाहा, नंतर उपयोग नाही.

पुस्तकांची जुनी स्वस्त नोंदणी-टपाल सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. आपलं १६० पानी पुस्तक १९० ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यामुळे वेष्टनासह पहिल्याच टप्प्यात बसतं.

ई-बुक करायचं असेल तर किंडलवर मराठी चालतं. मात्र भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही.

प्रकाशनानंतर ३० दिवसांत चार प्रती स्वखर्चानं पाठवणं १९५४ च्या कायद्यानं बंधनकारक आहे: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. लेखक-प्रकाशक हे हमखास विसरतात. त्यांच्याबरोबर जळगावचं व. वा. वाचनालय आणि आपल्या तालुक्याचं वाचनालय यांनाही एकेक प्रत द्यावी.

उरलेले गठ्ठे जमिनीपासून अर्धा फूट वर, फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. भिंतीला टेकले की वाळवी लागते. उभे रचू नका, आडवे रचा, दहाच्या वर नको. आणि छपाईची पीडीएफ, मांडणीची मूळ फाइल, वापरलेले फॉन्ट आणि मुखपृष्ठाची फाइल प्रेसचं शेवटचं बिल चुकतं करण्याआधी पेनड्राइव्हवर घ्या. पैसे दिल्यावर मागायला गेलात तर ‘संगणक फॉरमॅट झाला’ हे उत्तर मिळतं, आणि दुसऱ्या आवृत्तीला टंकनापासून सुरुवात करावी लागते.